फुटलेलं नाक सगळ्यांनी बघितलं, नाकातला डोळा कोणी बघितला?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर रात्री निवांत वाचा.

21 मे 2025 ची संध्याकाळ आठवते का? दिल्लीहून श्रीनगरला निघालेलं इंडिगोचं विमान पठाणकोटच्या आसपास गारपिटीत सापडलं. आत दोनशे वीसहून जास्त माणसं. आतले व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितले, लेकरं रडताहेत, मोठी माणसं देवाचं नाव घेताहेत. मग श्रीनगरला सुखरूप उतरल्यावरचा तो फोटो आला, विमानाचं नाक फुटून पडलेलं भगदाड. माझ्याकडे एका रात्रीत सात ग्रुपवरून आला. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "पायलटला सलाम." दुसऱ्याने लिहिलं, "पाकिस्तानने वाट दिली नाही, बघा कसे आहेत." झालं. दोन दिवसांनी सगळे पुढच्या विषयाकडे.

मला मात्र तो फोटो सोडेना. नोकरीभर मी डिप्लोमाच्या पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं, आणि रडार हा माझा आवडता धडा. ते जे नाक फुटलं ना, त्याला रेडोम म्हणतात. ते धातूचं नसतं, फायबरचं असतं, कारण त्याच्या आत हवामान रडारची तबकडी बसवलेली असते आणि तिच्या लहरी आरपार जाव्या लागतात. म्हणजे पुढे वादळ आहे की नाही हे बघायला विमानाला जो डोळा दिलाय, नेमकी त्याचीच पापणी गारांनी फोडली.

त्याच आठवड्यात निफाडला मेहुण्याकडे गेलो होतो. द्राक्षबागवाला माणूस. गार म्हणजे काय हे त्याला मी सांगायला नको. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली ती गारपीट आपल्याकडे कोण विसरलंय? त्याला फोटो दाखवला. त्याने तो मोठा करून बघितला आणि म्हणाला, "दाजी, माझी बाग हलत नाही. ढग आला की मी नुसता बघत उभा राहतो. पण विमान तर हलतं ना? त्याला पुढचं दिसतं म्हणता. मग वळलं का नाही?"

एवढ्या चॅनेलवर एवढ्या चर्चा झाल्या, पण हा प्रश्न इतका सरळ मी कुठे ऐकला नाही. म्हणून ही पोस्ट.

आधी, खरंच दिसतं का? दिसतं. चांगलं दिसतं. प्रवासी विमानातलं रडार साधारण तीन सेंटिमीटर लांबीच्या लहरी पुढे फेकतं. पावसाच्या थेंबांवर आपटून त्या परत येतात. किती जोरात परत आल्या त्यावरून पायलटसमोरच्या पडद्यावर रंग उमटतात. हिरवा म्हणजे हलका पाऊस, पिवळा म्हणजे सांभाळा, लाल म्हणजे जाऊ नका. मोठा वादळी ढग दोन-अडीचशे किलोमीटरवरून कळू शकतो. विमान मिनिटाला तेरा-चौदा किलोमीटर कापतं असं धरलं, तर हातात पंधरा मिनिटं असतात. पंधरा मिनिटांत आपण गंगापूर रोडवरून सीबीएसला पोचत नाही, पण पायलटला ढग चुकवायला तेवढी भरपूर झाली.

त्या डोळ्यालाही दोष आहेत, हे सांगितलं पाहिजे. नाहीतर कोणीतरी कॉमेंटमध्ये माझी शाळा घेईल. रडारला मुख्यतः पाणी दिसतं. कोरडी गार, बर्फाचे बारीक कण हे त्याला फिके दिसतात. समोरच जोरदार पाऊस असेल तर लहरी त्यातच खर्च होतात आणि त्याच्या मागे काय दडलंय ते कळत नाही. पडद्यावर ती जागा मोकळी दिसते, आणि फसलेल्या पायलटला वाटतं इथून वाट आहे. 1977 साली अमेरिकेत जॉर्जिया राज्यात सदर्न एअरवेजचं डीसी-9 असंच वादळात शिरलं. पाऊस आणि गारा गिळून दोन्ही इंजिनं बंद पडली. पायलटांनी ते रस्त्यावर उतरवायचा प्रयत्न केला. सत्तरहून जास्त माणसं गेली.

ज्वालामुखीची राख तर रडारला दिसतच नाही, कारण ती कोरडी आणि पिठासारखी बारीक. 1982 साली जावा बेटाजवळ ब्रिटिश एअरवेजच्या जम्बोची चारही इंजिनं राखेमुळे एकामागून एक बंद पडली. इंजिनाशिवाय घरंगळत खाली आल्यावर ती परत सुरू झाली म्हणून अडीचशे माणसं जकार्ताला उतरली. रडारच्या पडद्यावर तेव्हा काहीच नव्हतं.

पण पठाणकोटला असं झालं नव्हतं. तिथे काय झालं हे डीजीसीएनेच दोन दिवसांनी निवेदनात सांगितलंय, आणि ते निवेदन फोटोपेक्षा जास्त फिरायला हवं होतं. पायलटांच्या सांगण्यानुसार त्यांनी पुढचं हवामान बघून हवाई दलाच्या नॉर्दर्न कंट्रोलकडे डावीकडे, म्हणजे सीमेच्या बाजूला, वळायची परवानगी मागितली. मिळाली नाही. मग लाहोरला विचारलं, थोडं तुमच्या हद्दीतून जाऊ द्या. नकार. आधी मागे फिरायचा प्रयत्न केला, पण तोवर ढग इतका जवळ आला होता की त्यांनी आत घुसून पार व्हायचं ठरवलं. आत गेल्यावर ऑटोपायलट सुटला, वेगाचे आकडे भरवशाचे राहिले नाहीत, एकीकडे वेग जास्त झाल्याचा इशारा आणि दुसरीकडे स्टॉलचा इशारा. एका टप्प्याला विमान मिनिटाला 8,500 फूट या गतीने खाली येत होतं. रोजच्या उतरण्यात ही गती दीड ते तीन हजारांत असते. पायलटांनी हाताने विमान सांभाळलं आणि बाहेर काढलं. कोणाला इजा झाली नाही. त्यांच्या कौशल्याबद्दल मला एक शब्द बोलायचा नाही.

पण मेहुण्याच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. डोळा होता. डोळ्याने बघितलं होतं. बघितलं म्हणूनच तर परवानगी मागितली. कमी पडलं ते पुढचं सगळं.

आता सीमेचं म्हणाल तर मलाही कळतं. ऑपरेशन सिंदूर होऊन पंधरा दिवस झाले होते. एप्रिलच्या शेवटापासून पाकिस्तानने आपल्या विमानांना हद्द बंद केलेली, आपणही त्यांना केलेली. हवाई दलाची बाजूही नंतर बाहेर आली. हद्द बंद असल्याचं त्यांनी पायलटना सांगितलं, लाहोरशी बोलायला फ्रिक्वेन्सी दिली, पुढे श्रीनगरपर्यंत मदत केली. त्या रात्री त्या खुर्चीत बसलेल्या कंट्रोलरने आपल्या मनाने एका प्रवासी विमानाला सीमेकडे वळू द्यावं अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. तो नियमाने वागला.

माझा राग त्या नियमावर आहे. किंवा नियम नसण्यावर. मे महिन्यात पंजाब-जम्मूच्या पट्ट्यात वादळी ढग येतात हे काय नवीन आहे? श्रीनगरची विमानं सीमेला लागून जातात हे काय त्या दिवशी कळलं? एका बाजूला सीमा, दुसऱ्या बाजूला डोंगर, मध्ये चिंचोळी वाट. त्या वाटेत ढग उभा राहिला तर कोण कोणाला किती सेकंदांत काय सांगणार, हे शांत दिवशी टेबलावर बसून ठरवायचं असतं. विमान ढगापासून दोन मिनिटांवर असताना नव्हे. वाट चिंचोळी आहे आणि पुढे लाल दिसतंय तर विमानाला अमृतसरच्या आधीच थांबवायचं, घिरट्या घालायला लावायच्या, नाहीतर परत पाठवायचं. हा निर्णय शंभर किलोमीटर आधी घ्यायचा असतो. अमेरिकेच्या विमान प्रशासनाचा जुना सल्ला आहे की जोरदार वादळी ढगापासून निदान 20 मैल लांब राहा. 20 मैल म्हणजे सव्वादोन-अडीच मिनिटांचं अंतर. दोन वेगळ्या देशांच्या कंट्रोलना विचारून नकार घेण्यात तेवढा वेळ सहज जातो.

मग कंपनीचाही प्रश्न येतो. मागे फिरलं की इंधन, उशीर, पुढच्या चार फेऱ्यांचं वेळापत्रक. पायलटच्या डोक्यावर हे ओझं किती असतं हे त्यांनाच विचारा, ते नाव न सांगता सांगतील.

हे मी का ताणतोय? कारण हा डोळा विमानाच्या नाकात कसा आला याची एक गोष्ट आहे, आणि ती आपल्याकडे कोणी सांगत नाही.

वळवाचा पाऊस आठवा. दुपारभर घाम, पान हलत नाही. मग अचानक गार वारा, धूळ, कपडे उडतात, पत्रे वाजतात. पाऊस नंतर. तो गार वारा येतो कुठून? ढगातून पडणारा पाऊस आणि गारा आजूबाजूची हवा थंड करतात, जड झालेली हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. अंगणात घागर उपडी केल्यावर पाणी पसरतं तशी. 13 मे 2024 ला मुंबईत असाच वारा आला. घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 माणसं मेली. त्याच वाऱ्याने मुंबई विमानतळ तासभर बंद ठेवावा लागला आणि 15 विमानं दुसरीकडे वळवली. होर्डिंगचं आपण लक्षात ठेवलं, आणि ठेवायलाच हवं. पण त्या वेळी एखादं विमान अगदी उतरायच्या बेतात त्या वाऱ्यात असतं तर?

असं विमान आधी समोरून वाऱ्यात शिरतं. समोरचा वारा म्हणजे पंखांना उचल मिळते, वेग वाढलेला दिसतो, म्हणून पायलट इंजिन कमी करतो. मग मधोमध वरून दाब येतो. आणि बाहेर पडताना तोच वारा पाठीमागून. उचल गेली, इंजिन कमी केलेलं, जमीन तीनशे फुटांवर. हे सगळं अर्ध्या-एक मिनिटात.

1975 साली न्यूयॉर्कला ईस्टर्न एअरलाइन्सचं विमान असंच पडलं, 113 माणसं गेली. आधी सगळ्यांनी पायलटकडे बोट दाखवलं. तेत्सुया फुजिता नावाचे शिकागोचे प्राध्यापक होते, मूळचे जपानी. अणुबॉम्बनंतर काही आठवड्यांनी ते नागासाकीला पाहणीला गेले होते. तिथे झाडं आणि भिंती एका मध्यापासून बाहेर, चांदणीसारख्या पडलेल्या त्यांनी बघितल्या होत्या. पुढे अमेरिकेत वादळानंतर जंगलातली झाडं तशीच पडलेली दिसली, तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की वरून काहीतरी कोसळून पसरलंय. त्यांनी त्याला मायक्रोबर्स्ट म्हटलं. अनेक शास्त्रज्ञांनी आधी मानलं नाही. (योगायोग बघा. फुजिता ज्या कोकुरा शहराजवळ राहायचे, तेच त्या दिवशी बॉम्बचं पहिलं लक्ष्य होतं. खालचं नीट दिसेना म्हणून विमान नागासाकीकडे वळलं.)

मग 1982 साली न्यू ऑर्लिन्स, 153 बळी. 1985 च्या ऑगस्टमध्ये डॅलसला डेल्टाचं विमान, 137 बळी. तेव्हा अमेरिका जागी झाली. पुढच्याच वर्षी तिथलं विमान प्रशासन आणि नासा यांनी एकत्र काम हाती घेतलं. 1988 मध्ये सरकारने नियमच केला की प्रवासी विमानात वाऱ्याच्या या झटक्याचा इशारा देणारं यंत्र असलंच पाहिजे. कंपन्यांनी कुरकूर केली असेलच, पण नियम म्हणजे नियम. नासाच्या लोकांनी 1991 आणि 1992 च्या उन्हाळ्यात एक बोइंग 737 घेतलं, त्यावर रडार, लेसर आणि इन्फ्रारेड असे तिन्ही प्रकार बसवले, आणि ऑरलँडो नि डेन्वरच्या आकाशात मुद्दाम, समजून उमजून मायक्रोबर्स्टमध्ये घुसले. पुन्हा पुन्हा. कोणतं यंत्र किती आधी सांगतं ते बघायला. रडार जिंकलं. थेंब नुसते आहेत की नाहीत एवढंच नव्हे, तर ते विमानाकडे येताहेत की लांब जाताहेत हेही ते मोजू लागलं. एकाच ढगाखाली अर्धे येताहेत आणि अर्धे जाताहेत असं दिसलं की समजायचं, घागर उपडी झाली.

असं पहिलं रडार 1 सप्टेंबर 1994 ला मंजूर झालं. त्याच्या बरोबर दोन महिने आधी, 2 जुलैला, शार्लटला यूएसएअरचं विमान मायक्रोबर्स्टने पाडलं, 37 माणसं गेली. दोन महिने! त्यानंतर मात्र अमेरिकेत मोठं प्रवासी विमान या कारणाने पडल्याचं दिसत नाही. आज मुंबईला किंवा आपल्या ओझरला पावसाळ्यात उतरणाऱ्या विमानाच्या कॉकपिटमध्ये जो आवाज "विंडशिअर अहेड" म्हणतो, तो त्या उन्हाळ्यांची कमाई आहे. आपण फुकट वापरतोय.

यात यंत्राइतकंच महत्त्वाचं काय होतं? प्रत्येक अपघाताचा अहवाल छापला गेला. मिनिटामिनिटाला वारा किती होता, पायलट काय बोलले, कंट्रोलरला काय माहीत होतं आणि त्याने काय सांगितलं नाही, सगळं. त्यावर लोक भांडले. भांडणातून नियम आला आणि नियमातून यंत्र आलं. आपण यंत्र विकत घेतो. भांडण आणि अहवाल मात्र घ्यायला तयार नसतो.

आता पुढचं बघा, कारण हा डोळा अजून सुधारतोय. ढग नसलेल्या, निळ्याशार आकाशातही विमान जोरात आदळतं. तिथे थेंबच नाहीत, तर रडार बघणार काय? त्यासाठी लेसर लागतो, हवेतल्या धुळीच्या कणांवरून परावर्तित होणारा. लायडार म्हणतात त्याला. जपानच्या अवकाश संस्थेने, जाक्साने, तसं यंत्र बनवून विमानात बसवून बघितलं. सरासरी साडेसतरा किलोमीटर पुढचे हवेचे धक्के त्याला कळले. 2018 मध्ये बोइंगनेही ते फेडेक्सच्या 777 वर उडवून पाहिलं. साडेसतरा किलोमीटर म्हणजे साधारण सत्तर सेकंद. हे ऐकून माझा मुलगा म्हणाला, "बाबा, सत्तर सेकंदांत काय होतं?"

काय होतं ते सांगतो. 21 मे 2024, म्हणजे पठाणकोटच्या बरोबर एक वर्ष आधी, तीच तारीख. लंडनहून सिंगापूरला जाणारं सिंगापूर एअरलाइन्सचं विमान म्यानमारवर, इरावदीच्या खोऱ्यावर होतं. खाली वादळी ढग वाढत होते. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, कित्येक जण छताला आपटले. आपल्याकडे फॉरवर्ड आले की विमान सहा हजार फूट कोसळलं. नाही. ते उतरणं पायलटांनी नंतर केलेलं होतं. प्राथमिक अहवालानुसार ज्या धक्क्याने माणसं उडाली तो पाच सेकंदांपेक्षाही कमी वेळाचा, आणि विमान खाली आलं 178 फूट. पायलटने बेल्टचा दिवा लावल्याचं सांगितलं आणि पुढच्या आठ सेकंदांत माणसं सीटवरून सुटली. आठ सेकंद. तेवढ्यात झोपलेला माणूस डोळे उघडतो. सत्तर सेकंदांत तो बेल्ट लावतो, शेजारच्या आजींचा लावून देतो, हवाई सुंदरी ट्रॉली सोडून खाली बसते.

मग हे यंत्र सगळीकडे का नाही? वजन ऐंशी-पंच्याऐंशी किलो, म्हणजे एका धडधाकट प्रवाशाएवढं. उंचावर हवेत धूळ कमी, त्यामुळे कधी दिसतं, कधी कमी दिसतं. आणि मुख्य म्हणजे कोणी सक्ती केलेली नाही. 1988 सारखा नियम अजून कोणी केला नाही. रेडिंग विद्यापीठाच्या अभ्यासानुसार उत्तर अटलांटिकवरचे असे तीव्र धक्के 1979 ते 2020 मध्ये 55 टक्क्यांनी वाढले, तरीही.

लेसर येईल तेव्हा येईल. एक गोष्ट आजच होऊ शकते आणि तिला जवळपास पैसेच लागत नाहीत. प्रत्येक विमान स्वतः किती हादरलं ते मोजत असतं, ती यंत्रणा आत असतेच. हे आकडे लगेच जमिनीवर पाठवले आणि मागून येणाऱ्या विमानाला दिले, तर पुढचं विमान हेच मागच्याचा डोळा होतं. वारकऱ्यांची दिंडी चालते ना, पुढचा ओरडतो "खड्डाऽ", मागचे सावध होतात. तसंच. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेने अशी व्यवस्था चालवलेली आहे. त्यात जाणं ऐच्छिक आहे. आपल्या देशात ते ऐच्छिक का असावं? दिल्ली-मुंबई मार्गावर दिवसभर एकामागे एक विमानं असतात. एका कंपनीच्या विमानाला बसलेला हादरा दुसऱ्या कंपनीच्या मागच्या विमानाला आपोआप कळलाच पाहिजे, असा नियम डीजीसीएने करायला कोणत्या जपानी लेसरची वाट बघायची?

मुंबईहून दुर्गापूरला गेलेलं स्पाइसजेटचं विमान आठवतं? 1 मे 2022, आपला महाराष्ट्र दिन. उतरताना जबरदस्त धक्के, 14 प्रवासी आणि 3 कर्मचारी जखमी. त्यातला एक प्रवासी काही महिन्यांनी गेला. किती जणांना हे आठवतं? नाक फुटल्याचा फोटो नव्हता ना.

आणि आपलंही थोडं बोलू. मागच्या पावसाळ्यात दिल्लीहून ओझरला येत होतो. बेल्टचा दिवा लागला, खाली ढगच ढग. माझ्या पुढचे गृहस्थ उठले, वरचा कप्पा उघडला आणि चार्जर शोधायला लागले. ती पोरगी हात जोडून सांगत होती, "सर, प्लीज बसा." हे म्हणाले, "दोन मिनिटं." मी न राहवून म्हणालो, "साहेब, बसा हो, त्यांना पुढचं दिसतंय." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्यांच्या चार्जरचे पैसे मागतोय. लाखो रुपयांचं रडार, तीस वर्षांचं संशोधन, आणि शेवटच्या टोकाला दोन मिनिटंवाले साहेब. पण यावरून सगळं प्रवाशांवर ढकलायचं हेही मला मान्य नाही. बेल्ट लावलेला माणूस छताला आपटत नाही हे खरं, पण ढगात शिरायचं की नाही हे तो ठरवत नाही.

तर मेहुण्याच्या प्रश्नाला धरून मी पत्र लिहिलंय. नाशिक आणि दिंडोरी, दोन्ही खासदारांना, पोस्टाने आणि ईमेलने. त्यात विचारलंय की हवामानामुळे प्रवासी विमानाने वळायची परवानगी मागितली तर हवाई दलाच्या ताब्यातल्या आकाशात किती सेकंदांत उत्तर द्यायचं आणि नकार द्यायचा तर सोबत दुसरी वाट कोणती सांगायची, याचा लेखी नियम आहे का. असेल तर तो 21 मेला कसा चालला, आणि त्यानंतर बदलला का. पठाणकोटच्या त्या पंधरा मिनिटांत विमानाच्या पडद्यावर काय दिसत होतं, ते चित्र मिनिटागणिक लोकांसमोर ठेवणार का. आणि हादऱ्यांचे आकडे एकमेकांना देणं सगळ्या कंपन्यांना सक्तीचं करणार का. सीमेवरची गुपितं कोणी मागत नाहीये. सीमेलगतच्या वाटेवर तिकीट काढून बसलेल्या माणसांचं विचारतोय. आपल्यातले किती जण दर उन्हाळ्यात काश्मीरला जातात, तुम्हालाच माहीत.

पत्राचा मजकूर ज्याला हवा असेल त्याने मेसेज करा, नाव बदलून आपापल्या खासदारांना पाठवा. उत्तर आलं तर जसंच्या तसं इथे टाकतो. मेहुणाही विचारतोय.